पंचवीस-पंधराचा साकव

आमच्या वाडीचा साकव मिरगाआधी बांधायचा, असा शिरस्ता होता. कुणाच्या तरी आगरातली फळाला न येणारी उंच पोफळ, नाहीतर वीज पडून मेलेला माड वैशाखातच हेरून ठेवलेला असे. मग एका सकाळी घरटी एक माणूस पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर. तीन ओंडके या काठावरून त्या काठावर टाकायचे, त्यांच्यावर बांबूचे आडवे तुकडे काथ्याच्या दोरीने आवळायचे, हाताला धरायला एका बाजूला लांब बांबू. दुपारच्या जेवणापर्यंत साकव उभा. श्रावणात एखाद्या रात्री पऱ्या दगड लोटत आला की तो वाहून जायचा, पाऊस उघडला की पुन्हा बांधला जायचा. माझी आजी त्याच्यावर पाय ठेवण्याआधी दर वेळी काठीने ओंडका ठोकून बघायची. आवाज पोकळ आला तर घरी येऊन सांगायची, "मधला ओंडका बदला रे." आणि तो बदलला जायचा.

तो साकव धोक्याचाच होता. पावसात पोफळीचं लाकूड बुळबुळीत होतं. दुसरीत असताना माझं दप्तर त्या पऱ्यात गेलं, मी वाचलो ते मागून येणाऱ्या काकाने शर्टाची कॉलर धरली म्हणून. बाळंतपणाला निघालेली बाई डोलीत घालून पलीकडे न्यायची, तर डोलीचे दोन्ही खांदेकरी त्या तीन ओंडक्यांवर एकामागे एक पावलं टाकत जायचे आणि बाकीची वाडी काठावर श्वास धरून उभी असायची. म्हणून पक्का साकव हवा ही मागणी झाली, आणि ती रास्तच होती. वाडीच्या मुंबईच्या मंडळाने अर्ज केले, गावच्या मंडळींनी तालुक्याला खेटे घातले, आणि एका वर्षी आमच्या पऱ्यावर सरकारी पैशातून सिमेंटचा साकव झाला. त्या दिवशी आजी त्याच्यावरून काठी न आपटता चालत गेली, हे मला आजही लख्ख आठवतं.

देशावरच्या वाचकाला साकवाचं महत्त्व चटकन ध्यानात येणार नाही. कोकणातलं गाव एकगठ्ठा नसतं. एका महसुली गावाच्या पाच-दहा वाड्या, प्रत्येक वाडी आपापल्या डोंगरउतारावर, आणि दोन वाड्यांच्या मधून एक पऱ्या. तळकोकणात त्यालाच व्हाळ म्हणतात. एप्रिलात तो कोरडा ठणठणीत असतो, गुरं त्यातून चालत जातात. जुलैत त्याच्याकडे बघवत नाही. वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि तो या चिंचोळ्या ओहोळांतूनच खाडीकडे धावतो. अशा वेळी शाळा, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा, डॉक्टर हे सगळं साकवाच्या पलीकडे असतं. सरकारच्या हिशेबात हे काम इतकं लहान आहे की वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींची बातमी येते. वाडीच्या हिशेबात त्याच्याएवढं मोठं काम दुसरं नाही.

गेली काही वर्षं मी संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतले साकव बघत फिरतो आहे. कुठल्याही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जरा वेळ बसलं की कानावर आकडे पडतात. हा रस्ता पंचवीस-पंधरातून घेतलाय. ती मोरी तीस-चोपन्नला टाका. स्मशानशेड जनसुविधेतून होईल. गटाराचं काम चौदाव्यातलं, पाण्याची टाकी पंधराव्यातली. साकव डोंगरीतून मागितलाय, नाही मिळाला तर आमदार फंड. बाहेरच्या माणसाला ही भाषा कळणार नाही, पण सहावी शिकलेला सदस्यही ती सराईतपणे बोलतो, कारण ती आल्याशिवाय गावात दगडावर दगड चढत नाही.

पंचवीस-पंधरा म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पातलं २५१५ हे लेखाशीर्ष, इतर ग्रामविकास कार्यक्रमांचं. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. ३०५४ म्हणजे रस्ते-पुलांची देखभाल, ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च. चौदावा आणि पंधरावा हे केंद्राचे वित्त आयोग. जनसुविधा, डोंगरी विकास आणि खुद्द साकवांची तरतूद जिल्हा वार्षिक योजनेतून येते आणि तिच्यावर जिल्हा नियोजन समितीत निर्णय होतो. शिवाय खासदार निधी आहे. २३ डिसेंबर १९९३ला ही योजना जाहीर झाली आणि २०११-१२पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात. ऐकायला रक्कम मोठी वाटते. आपल्या राज्यात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ असतात. पाच कोटींचे सहा भाग करा, त्यातला एक भाग दोन-अडीच तालुक्यांतल्या गावांवर पसरा, आणि त्या गावांच्या वाड्या मोजा. आमच्यासारख्या वाडीच्या वाट्याला काय येतं ते कळेल.

या सगळ्यांत खरा बदल घडवला तो चौदाव्याने. २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून थोडी अधिक रक्कम आयोगाने सुचवली, आणि ती जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या हाती न थांबता थेट ग्रामपंचायतीला मिळावी असं सांगितलं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली होती. त्यानंतर बावीस वर्षांनी सरपंचाच्या हातात आपल्या मनाने खर्च करता येईल असा पैसा आला. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने आराखडे करायला गावं तेव्हाच शिकली. त्या वर्षांतल्या काही ग्रामसभा मी पाहिल्या आहेत. एरवी मागे बसणाऱ्या बाया उठून बोलल्या, आणि त्यांनी मागितलं ते बहुतेक वेळा पाणी किंवा वाट.

पंधराव्याने यातला काही भाग मागे घेतला. २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये, पण त्यातले साठ टक्के बंधित. तीस टक्के पाण्यावर, तीस टक्के स्वच्छतेवर. उरलेल्या चाळीस टक्क्यांत रस्ता, पाखाडी, अंगणवाडीची दुरुस्ती, दिवाबत्ती, साकव, सगळं. आपल्या राज्यात एकूण रकमेतले ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असं वाटप ठरलं. पण निवडून आलेली संस्था नसेल तर तिला अनुदान नाही, अशी आयोगाची अट होती, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर मार्च २०२२पासून प्रशासक होते. याचा परिणाम पैशापुरता नव्हता. जिल्हा परिषद सदस्य हा वाडीच्या साकवासाठी भांडणारा सगळ्यात जवळचा माणूस. त्याला रस्त्यात अडवता येतं, लग्नात गाठता येतं, त्याच्या ओटीवर जाऊन बसता येतं. साडेतीन वर्षांहून अधिक काळ ती ओटीच नव्हती.

माणशी मोजणीचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त खुपतो. वित्त आयोगाचा पैसा राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला नव्वद टक्के आणि क्षेत्रफळाला दहा टक्के वजन दिलं जातं. गावापर्यंत येतानाही मुख्य माप माणसांचंच. आता २०११ची जनगणना बघा. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ला १६,९६,७७७ लोक होते, दहा वर्षांनी १६,१५,०६९ उरले. मुंबई शहर सोडलं तर राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आमची माणसं नालासोपारा, दिवा, कळव्यात मोजली जातात. त्यांचं घर, देव, पालखी, म्हातारी आई मात्र वाडीत असते. देशावर दोन हजार वस्तीचं गाव एका चौकात उभं असतं, तिथं एक गटार आणि एक रस्ता केला की सगळ्यांना पुरतो. आमच्याकडे नऊशे माणसं आठ वाड्यांत पसरलेली आणि मध्ये पाच पऱ्ये. दरडोई पैसा तेवढाच, पण दर माणसामागे बांधायची वाट कितीतरी लांब.

त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्यातलं हे सर्वांत मोठं प्रमाण. लेकींचं स्वागत म्हणून ही संख्या वाढलेली नाही, पुरुष मुंबईला गेले म्हणून ती तशी दिसते. भर पावसात डोक्यावर तांदळाचं ओझं घेऊन साकवावरून जाणारी व्यक्ती बाई असते, आणि बहुधा साठीच्या पुढची. साकवाचा कठडा किती उंच असावा, पायऱ्यांचा उतार किती असावा, हे ठरवताना तिचा गुडघा डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

या गणपतीत मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत होतो. तिथला लोखंडी साकव वीसेक वर्षांपूर्वीचा. दोन्ही काठांना जांभ्याचे चिरे आणि सिमेंटात बांधलेले खांब, त्यांच्यावर लोखंडी गर्डर, वर पत्रा. पत्र्याला दोन ठिकाणी हात जाईल एवढी भोकं पडलेली, त्यांच्यावर वाडीतल्या पोरांनी फळ्या टाकलेल्या. गर्डरच्या खालच्या कडेचे गंजाचे पापुद्रे नखाने निघत होते. काठावर संगमरवरी पाटी. तिच्यावर सौजन्य कुणाचं, भूमिपूजन कुणाच्या हस्ते, उद्घाटन कुणाच्या हस्ते, रक्कम किती, हे सगळं स्वच्छ वाचता येतं. अलीकडे तिच्या शेजारी लाल अक्षरांत दुसरी पाटी लागली आहे. साकव धोकादायक आहे, वापर करू नये. वापर न करून जायचं कुठून, हे तिच्यावर लिहिलेलं नाही, आणि वाडीतली मुलं रोज दोन वेळा तिच्यासमोरून शाळेत जातात.

हा साकव सांभाळायचा कुणी, हे मी त्या दोन दिवसांत विचारत राहिलो. ग्रामपंचायतीचं म्हणणं, काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने केलं. बांधकाम विभागाच्या दुरुस्तीच्या पैशाला, म्हणजे तीस-चोपन्नला, रस्त्याचा क्रमांक लागतो. रस्ते विकास योजनेत ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून नोंद असेल तर दुरुस्ती धरता येते. साकव मात्र पाखाडीवर असतो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची पायवाट, गाडीचा रस्ता नव्हे, म्हणून तिला क्रमांक नाही. ग्रामपंचायतीच्या तेवीस नंबरच्या, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत तिचं नाव असलंच तर असतं. बांधणाऱ्या कंत्राटदाराची जबाबदारी दोषदायित्व कालावधीपुरती, तो कधीच संपला. आणि ज्या शीर्षांतून असे साकव होतात त्यांतल्या बहुतेकांचा कल नव्या कामाकडे असतो. नव्या कामाचं भूमिपूजन होतं, गर्डर खरवडून रंग लावण्याचं होत नाही. मग वीस वर्षं त्याच्याकडे कुणी बघायचं नाही आणि तो पडायला आला की काही लाखांचा नवा मागायचा. पोफळीच्या साकवाला मालक होता, ती वाडी होती. सरकारी साकवाला देणारे अनेक आहेत, पण मालक नाही.

१५ जून २०२५ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं आणि नव्या पुलासाठी पैसाही मंजूर झाला होता. मंजुरी आणि पूल यांच्या मधल्या काळात माणसं मेली. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले, आणि त्या वाडीतली लाल पाटी लागली ती त्याच सुमारास. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या, तेव्हाही आदेश निघाले होते. तो मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल होता. नवा पूल जून २०१७मध्ये, अवघ्या दहा महिन्यांत वाहतुकीला खुला झाला. सरकारी यंत्रणेला मनावर घेतलं तर दहा महिन्यांत नदीवर पूल उभा करता येतो. मग पऱ्यावरचा साकव चार-चार वर्षं का अडतो?

तो ज्या वाटेने जातो ती वाट बघितली की उत्तर मिळतं. आधी ग्रामसभेचा ठराव. मग शाखा अभियंता जागा बघून अंदाजपत्रक करणार. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधीचं वितरण, निविदा किंवा काम वाटप, कार्यारंभ आदेश. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद, पूर्णत्वाचा दाखला, देयक. यातली एकही पायरी मला फालतू वाटत नाही, प्रत्येकीमागे कधीतरी झालेली चोरी आहे. पण या पायऱ्या सरकारी वर्षाने चालतात आणि आमचा पऱ्या पावसाच्या वर्षाने. पैसा मार्चअखेरीला हलतो. कार्यारंभ आदेश एप्रिल-मेमध्ये हातात पडला तर कंत्राटदार काठ खणून ठेवतो आणि मिरग लागतो. जुलैत त्या खणलेल्या काठाची माती खालच्या भातशेतीत जाते. काम करायचे महिने नोव्हेंबर ते मे. म्हणजे मान्यता दसऱ्याच्या आत मिळायला हवी. जिल्हा परिषदेला जिल्हा योजनेचा निधी खर्चायला दोन वर्षांची मुदत असते, ती मुळात अशाच अडचणींसाठी आहे. पण त्यातला एक पावसाळा आणि एक आचारसंहिता वजा केली की हाती जेमतेम एक हंगाम उरतो.

अंदाजपत्रकाचंही तेच. त्यातली रक्कम पूर्ण साकवावर लागत नाही. १८ टक्के जीएसटी (जुलै २०२२पर्यंत तो १२ होता), एक टक्का कामगार उपकर, खडी-वाळूचं स्वामित्वधन, हे सगळं त्यातच बसवायचं. शिवाय जिथं गाडी पोचत नाही तिथं सिमेंटची गोणी डोक्यावरून न्यावी लागते. वाडीपर्यंतचा तो शेवटचा अर्धा किलोमीटर दरसूचीत नीट बसत नाही, म्हणून लहान साकवाला चांगला कंत्राटदार हात लावत नाही. त्यातच थकलेल्या देयकांसाठी राज्यभर कंत्राटदारांच्या संघटनांना आंदोलनं करावी लागली. काम झालं तरी पैसे कधी मिळतील याची खात्री नसेल तर डोंगरावर लोखंड चढवायला कोण तयार होईल? परिणाम कुठं दिसतो तर जोडरस्त्यात. साकवाची फरशी झाली की रक्कम संपते, दोन्ही काठांना भराव राहतो. लांज्याकडे मी एक साकव पाहिला, त्यावर चढायला वाडीने बांबूची शिडी लावली होती.

संगमेश्वरातल्या त्या वाडीत मात्र नव्या साकवाचं काम पुढे सरकलं आहे. जागा बघायला शाखा अभियंता आला, तरुण मुलगा, पायात गमबूट. त्याने टेप काढला आणि सगळ्यांत मोठा पूर कुठवर येतो असं विचारलं. महापुराची पातळी हा साकवाच्या उंचीचा पाया, आणि अशा ओहोळांवर कुठलंही मोजमापाचं यंत्र नसतं. ती पातळी लोकांनाच विचारावी लागते. पुरुषमंडळींत वाद सुरू झाला. कुणी साकवाच्या खांबावरची खूण दाखवली, कुणी फणसाचं मूळ. तेवढ्यात पलीकडच्या घरातली एक काकी पदर खोचून पाखाडी उतरली आणि खालून सातव्या पायरीवर जाऊन उभी राहिली. २२ जुलै २०२१ला, चिपळूण बुडालं त्या दिवशी, तिची कोंबड्यांची खुराडी त्या पायरीवरून वाहून गेली होती. अभियंत्याने त्या पायरीला खडूने रेघ मारली आणि आकडा वहीत लिहिला. जुन्या साकवाचा पत्रा त्या रेघेच्या दीड फूट खाली होता.

वीस वर्षांपूर्वी काकीला कुणी विचारलं असतं, तर तो साकव एवढा गंजला नसता. पुरात बुडणारं लोखंड जास्त दिवस टिकत नाही.

याच खोऱ्यात, एक डोंगर ओलांडून, तेवढ्याच वयाचा दुसरा लोखंडी साकव आहे. त्याच शीर्षातून झालेला, त्याच मापाचा. तो अजून ठणठणीत आहे. तिथल्या वाडीचं मुंबईत मंडळ आहे. गिरणगावात जेव्हा गावकीच्या खोल्या होत्या आणि एकेका खोलीत चाळीस-चाळीस चाकरमानी पाळीपाळीने झोपत, तेव्हापासूनचं. ते दर वर्षी वर्गणी काढतं. गणपतीचं विसर्जन झालं की परतीची गाडी पकडण्याआधी एक दिवस वाडीतली आणि मुंबईची पोरं मिळून साकव घासतात. तारेच्या ब्रशाने गंज काढतात, रेड ऑक्साइडचा हात देतात, खांबाला अडकलेले ओंडके ओढून काढतात, सैल नट आवळतात. दुपारी साकवाशेजारीच वडे-सांबाऱ्याचं जेवण. यासाठी त्यांना कुठल्या शीर्षातून एक पैसा मिळालेला नाही.

हे पाहून सरकारने हात झटकावेत असं मला अजिबात वाटत नाही. मुंबईचं मंडळ भक्कम नसलेल्या वाड्याच जास्त आहेत, आणि जिथं मंडळ नाही तिथली माणसं अधिक गरीब आहेत. साकव देणं हे सरकारचंच काम. पण ज्या शीर्षातून साकव होतो त्याच शीर्षातून दर दोन-तीन वर्षांनी त्याच्या रंगरंगोटीचे, खांबाच्या डागडुजीचे थोडे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात हक्काने पडायला काय हरकत आहे? पाखाडीला क्रमांक का नसावा? आणि त्या संगमरवरी पाटीवर पाहुण्यांच्या नावांखाली आणखी एक ओळ हवी, पुढची तपासणी अमुक वर्षी, जबाबदार अमुक. पंधराव्याचा काळ ३१ मार्च २०२६पर्यंतचा, १ एप्रिल २०२६पासून सोळाव्याचा. नव्या आयोगाबरोबर नव्या आराखड्यांच्या ग्रामसभा येतात. हा विषय त्यांत निघावा, म्हणून तर मी हे लिहायला घेतलं.

त्या वाडीचा नवा साकव वरच्या अंगाला दहा फूट सरकणार आहे, कारण तिथं काठ उंच आहे. पण ती जागा खाजगी. सातबाऱ्यावर सामाईकात एकेचाळीस नावं, आणि प्रत्येकाचं संमतीपत्र जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे जात नाही. निम्मी माणसं मुंबईला, काही सुरतेला, दोघी लग्न होऊन गेलेल्या. कोकणात अशा सह्या गणपतीतच मिळतात, कारण तेव्हाच सगळे हिस्सेदार एका ओटीवर येतात. वाडीतला एक निवृत्त शिक्षक आरतीनंतर घरोघर कागद घेऊन फिरत होता. तबकातला प्रसाद द्यायचा, चष्मा पुढे करायचा, बोट ठेवून जागा दाखवायची. एका घरात दोन चुलतभावांचं दहा वर्षांचं अबोल्याचं भांडण होतं. त्यांनी एकमेकांकडे न बघता एकाच कागदावर सह्या केल्या. मी निघालो त्या सकाळी अडतीस झाल्या होत्या. गुरुजींनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले. उरलेले तिघं या वर्षी आले नव्हते. ते शिमग्याला येतील, पालखी नाचवायला.